फलाफलचे चणे शिजवू नयेत. आणि पिटातला ‘अंबा’ आपलाच

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी फलाफल-पिटा, म्हणजे खिसा असलेल्या मऊ रोटीत भरलेले चण्याचे तळलेले वडे, करण्याची कृती आली होती. ठाण्याच्या माझ्या भाचीने कात्रणाचा फोटो मला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. अगदी रडकुंडीला आली होती. “मावशी, कढईत सोडले आणि सगळं तेलभर पसरलं. पाहुणे यायचे होते गं.” मी कात्रण पुन्हा वाचलं. काबुली चणे कुकरला चार शिट्ट्या काढून शिजवून घ्यावेत, असं त्यात लिहिलं आहे. चूक तिथेच आहे. ती दुरुस्त करून छापावी, म्हणून हे पत्र.

मी इस्राएलमध्ये लोद इथे राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे अलिबाग तालुक्यातले. १९७१ साली आईबाबांबरोबर इथे आले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. पुढे एकवीस वर्षं मी एका इराकी बाईंच्या टपरीवर पिटा भरल्या. त्या बाई बसऱ्याच्या. हाताला चव आणि जिभेला धार. त्यांनी शिकवलं तेच लिहिते.

फलाफलचे चणे फक्त भिजवायचे. रात्री भरपूर पाण्यात घालावेत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उपसावेत. पंधरा-सोळा तास हवेतच. मग चांगले निथळून, फडक्यावर कोरडे करून कच्चेच वाटायचे. सोबत कांदा, लसूण, मूठभर कोथिंबीर, तेवढीच पार्सली, जिरं, धने, मीठ. पार्सली मिळाली नाही तर कोथिंबीर दुप्पट. वाटण रवाळ राहिलं पाहिजे. डाळवड्याची डाळ आपण शिजवून घेतो का? भिजवून भरड वाटतो. इथेही तेच. कच्च्या चण्यातलं पीठ तेलात शिजताना वड्याला धरून ठेवतं. शिजलेल्या चण्याचं ते काम आधीच होऊन गेलेलं असतं, शिवाय त्याने पाणीही पिऊन घेतलेलं असतं, म्हणून तो तेलात फुटतो. मग लोक मैदा नाहीतर ब्रेडचा चुरा घालून त्याला बांधायला बघतात आणि वड्याचा दगड होतो. वाटण अर्धा तास थंड ठेवावं आणि तेल चांगलं तापल्यावरच वडे सोडावेत.

कृतीच्या वर ‘इस्राएली पदार्थ’ असं लिहिलं होतं. त्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत. फलाफल अरबांचं. इजिप्तमध्ये त्याला तामिया म्हणतात आणि ते चण्यांऐवजी वाळवलेल्या बाकल्याचं (मोठ्या चपट्या शेंगदाण्यांचं, इंग्रजीत फावा बीन) करतात. पॅलेस्टाईन, लेबनॉन, सीरिया या भागात चण्यांचं. पिटाही त्यांचीच, त्यांच्याकडे ती खुब्झ. आमच्या टपरीवर पिटा यायची ती शेजारच्या रामले गावच्या बाजारातल्या एका अरबी बेकरीतून, सकाळी सहाला, गोणपाटात गुंडाळून, हात पोळेल इतकी गरम. ज्याचं त्याला द्यावं.

पिटा घरी करायची तर तिला भाकरीसारखं समजावं. भाकरीला पापुद्रा सुटतो, तसाच तिचा खिसा सुटतो. आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वरचा थर उचलते. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम कोरडं यीस्ट, दहा ग्रॅम मीठ, चमचाभर तेल आणि सव्वातीनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी. कणीक मऊ हवी. फुगून दुप्पट झाली की आठ गोळे करायचे, दहा मिनिटं झाकून ठेवायचे, मग अर्ध्या सेंटीमीटर जाडीचे लाटायचे. लाटताना सुरकुती पडली किंवा कड फाटली तर तिथून वाफ निसटते आणि पिटा चपटीच राहते. लाटल्यावर पुन्हा पंधरा मिनिटं फडक्याखाली. ओव्हन आणि आतला ट्रे दोन्ही २५० अंशांवर पुरेसे तापलेले हवेत. तीन-चार मिनिटांत टम्म फुगते. तांबूस होईपर्यंत थांबू नये, कडक झालेली पिटा भरताना फाटते. काढल्या काढल्या जाड फडक्यात गुंडाळायची, तांदळाची भाकरी गुंडाळतो तशी. ओव्हन नसेल तर लोखंडी तवा कडकडीत तापवून झाकण ठेवून भाजावी. भाचीची पहिली फसली, नंतरच्या सगळ्या फुगल्या.

आता भरणं. आपल्या कृतीत पिटाचे मधोमध दोन तुकडे करून मेयोनेज लावायला सांगितलं आहे. तसं करू नये. वरून दोन बोटांची कड कापायची आणि खिसा अलगद उघडायचा. कापलेली कड आत तळाशी घालायची, म्हणजे रस खाली गळत नाही. हे आमच्या बाईंनी मला पहिल्याच दिवशी दाखवलं. आतून एका बाजूला हुमुस, म्हणजे शिजवलेले चणे आणि ताहिनी यांचं वाटण, सारवायचं. मग दोन वडे, त्यावर काकडी-टोमॅटोची बारीक चिरलेली कोशिंबीर, थोडं ताहिनी, पुन्हा दोन वडे, पुन्हा कोशिंबीर, आणि सगळ्यात वर ताहिनीची धार. सगळे वडे खाली आणि सगळी कोशिंबीर वर अशी भरली की खाणाऱ्याला आधी नुसता पाला आणि शेवटी नुसते कोरडे वडे मिळतात. कोशिंबिरीला मीठ आणि लिंबू भरायच्या वेळीच लावायचं, नाहीतर पाणी सुटून पिटा भिजते. भरलेली पिटा कागदी पिशवीत उभी ठेवून हातात द्यायची. ताटात आडवी ठेवली की गेलीच.

ताहिनी म्हणजे तिळाची पेस्ट. पांढरे तीळ रंग न बदलता हलके भाजून, थोडं तेल घालत मिक्सरवर खूप वेळ फिरवले की झाली. त्यात लसूण, लिंबू, मीठ आणि थंड पाणी. पाणी घातल्यावर तिचा आधी घट्ट गोळा होतो. तिथे घाबरून टाकून देऊ नये. आणखी पाणी घालत घोटत राहिलं की पांढरीशुभ्र आणि सैल होते. आमच्या पूर्वजांना कोकणात शनिवार तेली म्हणत. घाण्यावर तेल गाळणारे आणि शनिवारी सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, म्हणून घाणा बंद ठेवणारे. वाडगाभर ताहिनी घोटताना मला दरवेळी त्या नावाची आठवण येते.

आणि आता जे सांगायला मी खरं तर पेन उचललं ते. आम्ही येऊन आठवडाही झाला नव्हता. हिब्रूचा एक शब्द कळत नव्हता. बाबा कामाच्या कागदपत्रांसाठी रांगेत उभे होते आणि आई मला घेऊन बस थांब्याजवळच्या फलाफलवाल्यापुढे उभी राहिली. त्याने पिटा भरली, चमचा उचलला आणि आईकडे बघून विचारलं, “अंबा?” आई माझ्याकडे वळली. “आंबा बोलला ना गो तो?” त्याच्या बरणीत पिवळंजर्द काहीतरी होतं. आईने वास घेतला. कैरी, हळद, मेथी, मोहरी. ती तिथेच रस्त्यावर रडायला लागली. त्या माणसाला वाटलं, बाईला तिखट लागलं.

तो शब्द आपलाच आहे. इराकी ज्यूंनी तो इथे आणला, आणि इराकमध्ये तो मुंबईहून गेला. बगदादच्या व्यापारी ज्यूंचं मुंबईशी जुनं येणंजाणं. ज्यांच्या घराण्याच्या नावाचा ससून डॉक आजही कुलाब्याला आहे, ते डेव्हिड ससून मूळचे बगदादचेच. ससूनांच्या घराण्याने कैऱ्या मीठ-सिरक्यात घालून पिंपांतून बसऱ्याला पाठवल्या, अशी गोष्ट इथे इराकी माणसं सांगतात. आमच्या बाईही सांगायच्या. १९५०-५१ मध्ये लाखाहून जास्त ज्यू इराक सोडून इथे आले, त्यांच्याबरोबर अंबाही आला. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारीच तळून ठेवलेली वांगी, रात्रभर मंद आचेवर राहून तपकिरी झालेली अंडी आणि वर अंबा, ही त्यांची शनिवारची न्याहारी. तीच पिटात भरून सबीह झालं. १९६१ साली तेल अवीवजवळच्या रमत गनमध्ये सबीह हलाबी या इराकमधून आलेल्या गृहस्थांनी टपरीवर ते विकायला सुरुवात केली आणि त्यांचंच नाव पदार्थाला पडलं, असं मानतात. आज तेल अवीवमध्ये कुठेही जा, पिटा भरणारा मुलगा मान वर न करता विचारतो, “अंबा?” त्याला माहीत नसतं की तो मराठी बोलतोय.

आपल्या कृतीत हा अंबा नव्हता, टोमॅटो केचप होतं. म्हणून आमच्या टपरीची कृती देते. एक किलो कडक कैऱ्या सोलून लांब फोडी कराव्यात, चार मोठे चमचे मीठ लावून चार दिवस उन्हात ठेवाव्यात, रात्री झाकून घरात. मग सुटलेल्या पाण्यासकट पातेल्यात घेऊन त्यात दोन चमचे हळद, एक मोठा चमचा मेथीची पूड, दोन चमचे मोहरीची पूड, एक चमचा लाल तिखट आणि अर्धी वाटी व्हिनेगर घालून फोडी मऊ होईपर्यंत शिजवावं. अर्ध्या फोडी वाटून घ्याव्यात, अर्ध्या तशाच ठेवाव्यात. गूळ नको, फोडणी नको. पिटात ओतता येईल इतपत सैल हवा. मेथीमुळे त्याचा वास दुसऱ्या दिवशीपर्यंत अंगाला येतो, ते ठाऊक असू द्यावं.

चण्यांची दुरुस्ती येत्या रविवारी छापलीत तर बरं. भाचीसारख्या आणखी किती जणींची कढई फसली असेल कोण जाणे. आणि जागा असेल तर अंब्याची कृतीही सोबत द्यावी. बाजारात कैऱ्या अजून आहेत, पाऊस सुरू झाला की चार दिवसांचं ऊन मिळणार नाही.

आपली नम्र,
एक बेने इस्राएल वाचक, लोद, इस्राएल
(कृपया नाव छापू नये.)