‘मरीन ग्रेड’ कॅप गंजली, काच पांढरी पडली आणि दोष आमच्या फोडणीचा!

प्रति,
व्यवस्थापक, विक्री आणि सेवा विभाग

विषय: नोव्हेंबर २०२३ मध्ये आमच्या घरी बसवलेला गॅस इन्सर्ट (जुन्या फायरप्लेसच्या आत बसणारी, गॅसवर जळणारी काचेच्या दर्शनीची पेटी) आणि मंगळवारचा फोन

मंगळवारी दुपारी तुमच्या सर्व्हिस मॅनेजरशी चाळीस मिनिटं बोलून मी फोन ठेवला. रागाच्या भरात काही लिहायचं नव्हतं, म्हणून दोन दिवस थांबले. राग काही उतरला नाही. हे पत्र मराठीत आहे, कारण तुम्ही आम्हाला माल मराठीतच विकलात. मंडळाच्या दिवाळी अंकात तुमची पानभर जाहिरात होती. ती वाचून यजमान म्हणाले, तीन ठिकाणची कोटेशनं कशाला मागवायची, आपल्याच माणसाला काम देऊ. सगळे मिळून ८,४०० डॉलर आम्ही त्या भरवशावर मोजले.

इन्सर्ट कसा चालतो हे तुम्हाला समजावण्याची वेळ माझ्यावर येऊ नये. पण तुमच्याच माणसाला ते ठाऊक नसल्याचं मंगळवारी कळलं, त्यामुळे लिहावं लागतंय.

आमचं घर कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पॅसिफिका गावात आहे, समुद्रापासून अर्ध्या मैलावर. इथे हिमवर्षाव नाही. जानेवारीतल्या बहुतेक रात्री पारा ७-८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. पण जुलै-ऑगस्टमध्येही धुकं दुपारपर्यंत हलत नाही आणि ओल हाडांत शिरते. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, त्यांचे गुडघे ही ओल आमच्या आधी ओळखतात. बैठकीच्या खोलीत विटांची जुनी फायरप्लेस होती, लाकडाची. ती पेटवली की खोलीतली गरम हवाच धुराड्यातून वर निघून जायची आणि मागच्या खोल्या आणखी गार पडायच्या. शिवाय इथे, सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, हवा खराब असलेल्या दिवशी लाकूड जाळायला बंदी असते, म्हणजे नेमक्या स्तब्ध, गारठलेल्या दिवसांत ती उपयोगाची नव्हती. २०२३च्या जानेवारीत एकामागून एक वादळं आली आणि आमची वीज दोन दिवस गेली. तेव्हा ठरवलं की वीज नसतानाही चालेल असं काहीतरी घरात हवंच.

तुमचा विक्रेता घरी आला. मी त्याला तीन गोष्टी विचारल्या होत्या आणि तिन्हींची उत्तरं वहीत लिहून ठेवली. खोली २४० चौरस फूट आहे, किती बीटीयूचा (म्हणजे तासाला किती उष्णता देणारा) इन्सर्ट घ्यावा? खारं वारं आहे, चिमणीची कॅप कुठल्या धातूची बसवाल? आणि देखभाल काय करायची?

मी मालवणची. खारं वारं लोखंडाचं काय करतं हे मला कुणी शिकवायला नको. आमच्या माहेरच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी खरवडून रंगवावे लागत, तरी आतून फुलायचे. म्हणून कॅप ३१६ स्टेनलेस स्टीलचीच हवी असं मी बजावून सांगितलं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे मिठापुढे ते नेहमीच्या ३०४ स्टेनलेसपेक्षा जास्त टिकतं. विक्रेता म्हणाला, “काकू, आम्ही किनाऱ्यावर मरीन ग्रेडच वापरतो.” बिलावरही ‘मरीन ग्रेड कॅप’ अशी वेगळी ओळ आहे आणि तिचे ३१० डॉलर लावले आहेत.

या जानेवारीत पन्हळी साफ करायला आलेला रूफर वरून हाक मारून म्हणाला, तुमच्या चिमणीवरून विटांवर तांबडे ओघळ आलेत. मी त्याच्या हाती फ्रिजवरचं चुंबक दिलं. ते कॅपला घट्ट चिकटलं. ३१६ला चुंबक असं धरत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती साध्या पत्र्याची जस्त चढवलेली कॅप आहे आणि चौदा महिन्यांत तिचे स्क्रू गंजून जाग्यावर बसले आहेत. फोटो सोबत आहेत. त्या कॅपखालून दोन नळ्या खाली येतात, एक ताजी हवा आत आणणारी, दुसरी जळालेली हवा बाहेर नेणारी. कॅप वाऱ्याने सुटली आणि त्यांतली एखादी तुंबली तर काय होईल, हा विचार मनात आला की मी रात्री उठून कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचा हिरवा दिवा बघून येते. ८४ वर्षांचं माणूस त्या खोलीत झोपतं.

आता काच. आतल्या बाजूने तिच्यावर पांढरी साय धरली आहे. सुरुवातीला पुसली की निघायची, आता निघत नाही. याचं कारण मी शोधलं, कारण तुमच्याकडून कुणी सांगितलं नाही. गॅस जळतो तेव्हा पाणी तयार होतं. तुमच्या ३४,००० बीटीयूच्या इन्सर्टमध्ये पूर्ण ज्योतीवर तासाला जवळजवळ दीड लिटर पाणी वाफ होऊन जातं. काच गार असते तोवर त्यातलं थोडं तिच्यावर जमतं आणि ज्वलनातले क्षार आणि गंधकाचे अंश काचेवर सोडून वाळतं. हे दर वेळी पेटवताना होणारच. म्हणून तर पहिल्या काही तासांच्या वापरानंतर काच पुसायची आणि पुढेही ठरावीक काळाने पुसत राहायची, नाहीतर साय काचेत भाजली जाते. बसवणाऱ्या माणसाने यातला एक शब्द सांगितला नाही. देखभालीबद्दल माझ्या वहीत विक्रेत्याचं उत्तर आहे: “काही करावं लागत नाही.”

आणि ३४,००० बीटीयू कशाला? २४० चौरस फुटांच्या खोलीत, जिथे बाहेर ८ अंश आहेत, तिथे वीस मिनिटांत घाम येतो. थर्मोस्टॅट ज्योत बंद करतो, काच गार होते, अर्ध्या तासाने ज्योत पुन्हा पेटते, काचेवर पुन्हा पाणी धरतं. निम्म्या ताकदीचा इन्सर्ट मंद ज्योतीवर संध्याकाळभर सलग चालला असता, काचही कोरडी राहिली असती आणि सासूबाईंनाही सारखी शाल काढा-घाला करावी लागली नसती. सौम्य हवेसाठी छोटा आणि ज्योत खूप कमी करता येणारा इन्सर्ट निवडायचा असतो. तो विकायची जबाबदारी तुमची होती. तुमच्याकडे तसं मॉडेल आहे, मी आता कॅटलॉगमध्ये पाहिलं. ते १,१०० डॉलरनी स्वस्त आहे.

ही साय मी तुम्हाला पहिल्यांदा कळवली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. ई-मेल आहे. तेव्हा मजुरीची एक वर्षाची वॉरंटी चालू होती. “सीझन सुरू होतोय, माणूस मोकळा नाही,” म्हणून सप्टेंबर गेला. ऑक्टोबरात पुन्हा फोन केला, तेव्हा “दिवाळीनंतर.” माणूस आला नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, वॉरंटी संपून नऊ दिवस झाल्यावर. त्याने काच उतरवली, खिडक्या पुसायचा निळा स्प्रे मारला आणि खसाखसा घासली. त्यात अमोनिया असतो. तुमच्याच पुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं आहे की या काचेला अमोनियाचं काही लावू नका. मी ते पान त्याच्यापुढे धरलं. तो बिचारा ओशाळला, म्हणाला, मला ऑफिसने हेच दिलंय. काच बसवताना भोवतीची सीलची दोरी त्याने तपासली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “ते माझ्या कामाच्या यादीत नाही.” या भेटीचे १८५ डॉलर तुम्ही घेतलेत. सप्टेंबरमध्ये केलेल्या तक्रारीचे!

आता मंगळवारचा फोन. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कॅपचं सांगितलं, चुंबकाचं सांगितलं. “फोटो पाठवा, बघतो.” मी म्हटलं, दोनदा पाठवले आहेत. “मिळाले नसतील.” मग मी काचेचं विचारलं. मॅनेजर क्षणभर थांबला आणि म्हणाला, “काकू, एक विचारू का, राग मानू नका. तुम्ही घरात रोज फोडणी घालता ना?”

मी म्हटलं, घालते.

“मग तेच. आपल्या लोकांच्या घरी हा प्रॉब्लेम कॉमन आहे. तेलाची वाफ, मोहरी, हळद, हिंग, सगळं हवेत उडतं आणि जाऊन काचेवर बसतं. अमेरिकन कस्टमरकडे काच बघा, चकाचक असते.”

मी त्याला विचारलं, साय काचेच्या कुठल्या बाजूला आहे हे तरी तुम्हाला माहीत आहे का? तो म्हणाला, त्याने काय फरक पडतो. मी म्हटलं, सगळा फरक तिथेच पडतो. साय आतून आहे. हा डायरेक्ट व्हेंट इन्सर्ट आहे. पेटी सीलबंद आहे, जळायला लागणारी हवा छपरावरून येते आणि छपरावरूनच जाते. आमच्या खोलीतली हवा ज्योतीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणूनच तर तुम्ही तो सुरक्षित म्हणून विकता. माझी फोडणी आत जात असेल तर तुमचा धूरही बाहेर येत असणार, मग घरात कार्बन मोनॉक्साइड येतोय असं तुम्ही मला सांगताय का? तेलाचा थर बाहेरच्या बाजूला असता तर मी मुकाट्याने पुसला असता.

यावर तो हसला. हसून म्हणाला, “काकू, गावाकडे चुलीला काच नव्हती, म्हणून कळलं नाही. सवय होईल हळूहळू.”

गावाकडे चूल होती, हो. माझी आई तिच्यापुढे चाळीस वर्षं बसली. कुठलं लाकूड धुरकटतं, राख किती ठेवायची, वारा फिरला की कवाड कुठलं उघडायचं, हे तिला कळत होतं. आग सांभाळणं म्हणजे काय हे मी तिच्याकडून शिकले. ज्याला स्वतः विकलेल्या पेटीत हवा कुठून येते हे ठाऊक नाही, त्याने तिच्या चुलीवर हसावं हे मला सहन झालेलं नाही. आणि हे ‘आपल्या माणसाने’ म्हणावं! परक्याने म्हटलं असतं तर मी फोन आपटून विसरले असते. तुमच्याकडून मला ही अपेक्षा नव्हती.

फोनच्या शेवटी त्याने पुन्हा सांगितलं की मजुरीची वॉरंटी नोव्हेंबरमध्ये संपली. मी पुन्हा सांगते: पहिली तक्रार सप्टेंबरमध्ये केली होती.

मला हवं आहे ते असं. ३१६ची खरी कॅप बसवा, तिच्या धातूचा कागद सोबत द्या, आणि वर चढाल तेव्हा दोन्ही नळ्याही तपासा. काच आणि तिची सील तुमच्या खर्चाने बदला. १८५ डॉलर परत करा. ३४,००० बीटीयूच्या जागी लहान मॉडेल द्यायचं की नाही यावर मला मालकांशी बोलायचं आहे, मॅनेजरशी नाही. आणि फोडणीबद्दल आणि चुलीबद्दल लेखी माफी हवी.

लेखी उत्तरासाठी १४ दिवस देते. नाही आलं तर कंत्राटदारांना परवाना देणाऱ्या राज्य मंडळाकडे बिल, फोटो आणि ई-मेल घेऊन जाईन. कॅलिफोर्नियात स्मॉल क्लेम्स कोर्टात आता १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो आणि आमचा आकडा त्याच्या आत आहे. मंडळाच्या अंकाच्या संपादकांनाही या पत्राची प्रत पाठवणार आहे, कारण ती जाहिरात वाचूनच आम्ही तुमच्याकडे आलो.

तोवर इन्सर्टचा गॅस मी व्हॉल्व्हपाशी बंद करून ठेवला आहे. सासूबाई गरम पाण्याची पिशवी घेऊन बसतात.

शनिवारी सकाळी मी घरी असते. नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्याच मुलाला पाठवलंत तरी चालेल, तो प्रामाणिक होता. फक्त त्याला अमोनिया नसलेला क्लीनर द्या, आणि सीलची तपासणी त्याच्या यादीत लिहा.

तुमची ग्राहक,
पॅसिफिका