भरणं का लागलं, ते आधी विचार

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, दुपार

प्रिय बंड्या,

पीएफचे पैसे हातात आले आणि आता येईल तो आयपीओ, म्हणजे कंपनी पहिल्यांदाच लोकांना शेअर विकते तो इश्यू, भरणार म्हणतोस. फोनवर तू कुणाचं ऐकून घेत नाहीस, म्हणून हे पत्र.

आपल्या बडोद्यात आयपीओला अजून 'भरणं'च म्हणतात. सेव-उसळीच्या गाडीवरसुद्धा सध्या "ग्रेमध्ये काय चाललंय?" एवढीच चर्चा, म्हणजे शेअर बाजारात यायच्या आधीच्या अनधिकृत सौद्यांत भाव काय. बाबा भरणी भरायचे तेव्हा प्रीमियम, म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीवरची जादा रक्कम, सरकारचा कंट्रोलर ऑफ कॅपिटल इश्यूज ठरवायचा, तोही हात आखडता घेऊन. शेअर लागला, म्हणजे वाटपात मिळाला, की बहुतेकदा चांदी. 1992 साली ते खातंच गेलं. भाव कंपनी आणि तिचा इश्यू बाजारात आणणारे मर्चंट बँकर ठरवू लागले, पण आपली आशा बाबांच्याच काळातली राहिली.

माझी वही सांगतो. नोव्हेंबर 2023, टाटा टेक्नॉलॉजीज. भाव 500, बाजारात उघडला 1200 ला. मी, ही, दोन्ही मुलं, असे चार अर्ज टाकले. चौघांनाही भोपळा! दुसरी एक कंपनी, नाव लिहीत नाही, तिचे चारही लॉट (शेअरचे ठरलेले गठ्ठे) मुकाट घरी आले. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता तू गणिताचा मास्तर, हिशेब कर. एक भरणं 140 टक्के वर. दुसरं पेटीएमसारखं: 2021 मध्ये 2150 ला दिलेला शेअर पहिल्याच दिवशी 27 टक्के खाली. पेपरातली सरासरी, 56 टक्के नफा. पण लॉट 15 हजारांचा धर. पहिलं सोळांत एकाला लागलं, तर 21 हजारांतून तुझ्या वाट्याला सरासरी तेराशे. दुसरं मागेल त्याला मिळालं, तर चार हजार गेले. पेपरात 56 टक्के नफा आणि तुझ्या खिशाला पावणेतीन हजारांचं भोक.

ज्यांना आतलं कळतं ते चांगल्यावर तुटून पडतात, वाईटाकडे फिरकत नाहीत. उरलेलं आपल्या ताटात. केव्हिन रॉक नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1986 साली हेच मांडलं. म्हणूनच, तो म्हणतो, सरासरीने भाव थोडा कमी ठेवावा लागतो, नाहीतर आपल्यासारखे पुन्हा येणारच नाहीत. म्हणजे तू ज्याला कमाई म्हणतोस ती बरीचशी दुसरीकडच्या खोटीची भरपाई.

सवलतीलाही भुलू नकोस. 2022 मध्ये एलआयसीने पॉलिसीधारकांना 949 चा शेअर 889 ला दिला. उघडला 867 ला. (2024 मध्ये तोच हजाराच्या वर गेला, पण तोवर थांबलं कोण?)

भरायचंच तर शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत थांब आणि मोठ्या संस्थांचा कोटा किती पट भरलाय ते बघ. पीएफला हात लावू नकोस. वहिनींच्या नावाने डीमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडायचं तर त्यांना आधी विचार, आमच्याकडे त्यावरून रामायण झालंय.

मी सुधारलोय असं समजू नकोस. परवाच एक टाकलंय, पैसे बँकेत अडकून पडलेत. उद्या अलॉटमेंट. लागलं तर घाबरून तुलाच फोन करीन.

तुझा,
बाबू