मॅडम, तो आलेखाचा कागद अजून जपून ठेवलाय

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

दोन मॅट्रिक्सचा, म्हणजे आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या आकड्यांच्या दोन चौकटींचा, गुणाकार मला बिनचूक करता यायचा. पहिलीतली आडवी ओळ, दुसरीतला उभा स्तंभ, जोडीजोडीने गुणायचं आणि बेरीज करायची. पण हे असंच का? बेरजेत जागच्या जागी आकडे मिळवतो, तसे इथे गुणून का चालत नाही? ही शंका मी कितीतरी दिवस मनातच ठेवली होती. शेवटी धीर करून तुम्हाला विचारलं.

तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. आलेखाचा कागद पुढे सरकवलात आणि आरंभबिंदूपासून दोन बाण काढायला सांगितलेत, एक (१, ०) पर्यंत आडवा, दुसरा (०, १) पर्यंत उभा. मग एक मॅट्रिक्स लिहिलीत. वरच्या ओळीत ३ आणि १, खालच्या ओळीत ० आणि २. म्हणालात, "पहिला स्तंभ म्हणजे आडव्या बाणाचा नवा पत्ता. दुसरा स्तंभ उभ्याचा. बाकी सगळं प्रतल या दोघांच्या मागून जातं."

मी (३, ०) आणि (१, २) वर खुणा केल्या. एका घराचा चौरस ताणला जाऊन त्याचा कललेला समांतरभुज चौकोन झाला. पाया ३, उंची २, क्षेत्रफळ ६. मग मॅट्रिक्सचा निश्चयक, म्हणजे ३ × २ − १ × ०, काढायला लावलात. तोही ६! इतके निश्चयक सोडवले होते, पण क्षेत्रफळ किती पट होतं ते हा आकडा सांगतो, हे त्या क्षणी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. निश्चयक शून्य आला की व्यस्त मॅट्रिक्स, म्हणजे केलेला बदल उलटवणारी मॅट्रिक्स, का नसते, हेही मग सांगावं लागलं नाही. सगळं प्रतल एका रेषेत चपटं झालं, तर कुठला बिंदू मुळात कुठे होता हे शोधणार कसं?

गुणाकाराकडे आपण त्यानंतर वळलो. आडवा बाण डावीकडे ९० अंश फिरवला आणि मग क्ष-अक्षात त्याचं प्रतिबिंब घेतलं, तर तो (०, −१) वर गेला. आधी प्रतिबिंब घेऊन मग फिरवला, तर (०, १) वर. गुणाकार म्हणजे एकामागून एक केलेले दोन बदल, म्हणून क्रम बदलला की उत्तर बदलणारच. गणितज्ञ आर्थर केली यांनी १८५८ च्या निबंधात गुणाकाराचा नियम ठरवला तो याच कारणाने, हे मी नंतर वाचलं. भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांना १९२५ मध्ये अणूच्या गणितात क्रमानुसार बदलणारे गुणाकार भेटले आणि या मॅट्रिक्सच आहेत हे त्यांचे सहकारी माक्स बॉर्न यांनी ओळखलं, तेही वाचलं. तुमच्या कागदाशिवाय ती ओळ मी नुसती वाचून पुढे गेले असते.

मॅडम, तुमचे मनापासून आभार. त्या दुपारी तुम्ही मला माझ्या हाताने बाण काढू दिलेत, चुकीच्या जागी काढला तेव्हाही खोडरबर माझ्याच हातात दिलंत.

निघताना तुम्ही त्या पहिल्या मॅट्रिक्सबद्दल विचारलं होतं, "या मॅट्रिक्सने कुठले बाण वळत नाहीत?" मी आडवा सांगितला. "अजून एक आहे," एवढंच म्हणालात. गेल्या आठवड्यात तोच कागद काढून बसले आणि तो सापडला. (१, −१) हा बाण (२, −२) वर जातो. दुप्पट होतो, पण दिशा तीच राहते.

तुमची विद्यार्थिनी