रविवारी आवडत्या खाऊचा घरगुती अवतार आणा

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी 10 वाजता नेहमीच्या जागी जमायचंय. प्रत्येकाने आपल्या आवडत्या पाकीटबंद खाऊचा घरगुती अवतार आणायचा. चिप्स, बिस्किटं, पॉपकॉर्न, काहीही चालेल. वापरायचं मात्र तूप, लोणी किंवा घाण्याचं तेलच.

• मूळ खाऊचं रिकामं पाकीटही आणा. ‘हायड्रोजनेटेड’ (म्हणजे हायड्रोजनची प्रक्रिया करून घट्ट केलेलं तेल) हा शब्द बारीक अक्षरांत कुठे लपलाय, ते मिळून शोधू.

• तळायला लोणी नको, तूप घ्या. लोण्यातला दुधाचा अंश 150 अंश सेल्सिअसच्या आसपास करपायला लागतो. मागच्या वेळी माझे चिप्स काळेठिक्कर झाले, ते त्यामुळेच!

• डब्यावर घटक लिहा. दुधाची ॲलर्जी असणाऱ्यांना तूपही चालेलच असं नाही.

• वाट्या छोट्या ठेवा. तूप झालं तरी ग्रॅममागे 9 कॅलरी आहेतच.

काय आणणार ते शुक्रवारपर्यंत कळवा, नाहीतर सगळे पॉपकॉर्नच घेऊन याल.