शनिवारी येते, रविवारी निघेन

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी भरल्या ताटावरून उठून निघाले, त्याचा राग बाबा अजून फोनवर काढतात. फोनवर मला नीट सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

धंद्यातून सोडवलेल्या मुलींच्या आमच्या संस्थेतल्या एका मुलीने वॉचमनच्या मोबाइलवरून तिच्या घरवालीला फोन केला होता. (आई, घरवाली म्हणजे धंद्याचं घर चालवणारी बाई.) बाबा म्हणाले, "जिने विकत घेतलं तिलाच फोन? मग तुम्ही कशाला जीव काढता?"

मुलीचं नाव लिहीत नाही, कायद्यानेही ते उघड करता येत नाही. आता १९ वर्षांची आहे. १५ व्या वर्षी ओळखीच्याच माणसाने कामाला लावतो म्हणून आणलं आणि बुधवार पेठेत विकलं. पहिले दिवस खोलीत कोंडून, उपाशी. मग त्याच घरवालीने दार उघडलं, स्वतःच्या हाताने डाळभात भरवला, केसांना तेल लावून वेणी घातली. ती तिला मम्मी म्हणते.

गोम इथेच आहे, बाबा. भ्यालेलं पोर समोर जे माणूस असेल त्याला बिलगतं. जॉन बोल्बी नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी लहान मुलांच्या या बिलगण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. पण भीती ज्याची वाटते तेच एकमेव माणूस जवळ असेल तर? तरीही त्यालाच बिलगतं. त्यात मार आणि माया एकाच हातून येते, आज काय मिळेल याचा नेम नसतो, आणि गाठ आणखी आवळत जाते. मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जाणाऱ्या बायकांबद्दल डटन आणि पेंटर या दोघांनी १९८१ मध्ये हेच मांडलं होतं. आपल्या वाड्यातल्या काकू आठव, आई. दर वेळी माहेरून परत जायच्या आणि आपण सगळे त्यांनाच नावं ठेवायचो.

तिचा राग घरवालीवर नाहीच, तिच्या आईवर आहे. "शोधायला आली का कोणी? ताप आला तर मम्मी रात्रभर बसायची." यावर मी काय बोलू? घरवालीला कमावती मुलगी आजारी नको होती, हे मला कळतं. तिलाही कळतं. पण कपाळावरची ओली पट्टी खरी होती ना.

आणि आमचं तरी काय! तिथे बाहेरून कडी, इथे गेटला कुलूप. तिथे फोन काढून घेतला, इथेही घेतला. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार रोखण्याच्या कायद्याखाली दंडाधिकारी तिला एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवू शकतात. मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांच्या सुटकेचा विचार करा, असं सुप्रीम कोर्टाने १९ मे २०२२ ला सांगितलंय. उद्या गेट उघडलं तर ती कुठे जाईल, याची मला रोज धास्ती वाटते. तरीही कुलूप मला पटत नाही.

तिसऱ्याच दिवशी ती मला "आई" म्हणाली होती. नवख्या ताईंना अशाने भरून येतं, आम्ही मात्र सावध होतो. मग परीक्षा सुरू झाली. माझी ओढणी लपवली, माझ्या डब्यात मीठ ओतलं. मी ओरडते का, मारते का, सोडून जाते का, ते बघत होती. सहा महिन्यांनी कुठे माझ्या खोलीत दाराकडे पाठ करून बसायला लागली.

दिवाळीला निघताना मी तिला सांगितलं होतं, दोन दिवसांनी येते. तुमच्या आग्रहाने राहिले चार दिवस. निरोप द्यायचं डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती गेटपाशी बसली होती, मग तिने वॉचमनकडे मोबाइल मागितला. माझ्यासारखीला हे कळायला हवं होतं.

बाबा, तुमची चिपळूणची फेरी असायची तेव्हा मी पायरीवर बसून वाट बघायचे. कुंभार्ली घाटात दरड कोसळली की तुम्ही दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकरवी स्टँडवर निरोप धाडायचे, आणि तिथला पोऱ्या घरी येऊन सांगायचा, "साहेबांना उशीर होईल." तो निरोप आला की मी जेवून झोपायचे. तुम्ही याल की नाही, असं कधी मनातही आलं नाही. तिच्याकडे असला एकही निरोप कधी आला नाही.

परत आल्यावर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी विचारलं, "तुझी आई रडली का, तू निघालीस तेव्हा?" मी खरं ते सांगितलं. चकल्या खाल्ल्या तिने, आई. जरा कडक झाल्यात म्हणाली.

येत्या शनिवारी मी येते. तिने भिंतीवरच्या कालनिर्णयवर रविवारच्या चौकटीत पेनाने गोल केलाय, त्यामुळे या वेळी आग्रह नको. बाबा, रविवारी दुपारच्या गाडीचं रिझर्व्हेशन करून ठेवा. आणि गाडी लेट असेल तर संस्थेच्या लँडलाइनवर तुम्हीच फोन करा. नंबर पाठीमागे लिहिलाय.

तुमची,
ताई