करवाढीला विरोध, पण कोणाच्या?
संपादक महोदय,
सप्टेंबर २०२३ मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅम महापालिकेने कलम ११४ची नोटीस, म्हणजे खर्च भागवण्याइतका पैसा नसल्याची अधिकृत कबुली, काढून आपण व्यवहारतः दिवाळखोर असल्याचे मान्य केले. स्त्री कर्मचाऱ्यांना द्यायची समान वेतनाची थकबाकी आणि फसलेली संगणक प्रणाली यांचा भार शेवटी रहिवाशांच्याच माथी आला. कौन्सिल टॅक्स, म्हणजे घरांवरचा स्थानिक कर, २०२४ मध्ये ९.९९ टक्के आणि पुढच्या वर्षी ७.४९ टक्के वाढला, म्हणजे दोन वर्षांत अठरा टक्क्यांहून अधिक. वाचनालये, युवकांसाठीच्या सेवा, नामांकित कलासंस्थांचे अनुदान, सगळ्यांवर कुऱ्हाड पडली.

तेव्हा पालिकेत सत्तेवर असलेल्या मजूर पक्षाच्या या करवाढीच्या अंदाजपत्रकांना हुजूर पक्षाच्या नगरसेवकांनी विरोध केला, आणि तो रास्तच होता. मात्र एरवी सार्वमताशिवाय ४.९९ टक्क्यांपुढे करवाढ करता येत नाही. २०२४ मध्ये ती मर्यादा ओलांडायची मुभा लंडनहून मिळाली, ती हुजूर पक्षाच्याच सरकारकडून. २०१० पासून पालिकांचे केंद्रीय अनुदान आटवले तेही याच पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारांनी. त्याबद्दल स्वपक्षाला जाब विचारणे हेही विरोधकांचेच काम आहे.

मते मागायला दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराने, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, बंद पडलेली कोणती सेवा परत सुरू करणार आणि त्यासाठी पैसा कुठून आणणार, हे स्पष्ट सांगावे.

– एक वाचक, बर्मिंगहॅम