परीक्षा मुलाची की शाळेची?

मा. संपादक,

पालकसभेत ‘परख’ या देशभरच्या शालेय सर्वेक्षणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, “आमच्या बायला मार्क किती पडले?” ते कळत नाही, कारण ती तिची परीक्षाच नव्हती. ४ डिसेंबर २०२४ च्या त्या सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववीची निवडक मुले बसली आणि निकाल लागला जिल्ह्यांचा. गोव्यात तेव्हा जिल्हे दोनच. म्हणजे सत्तरी तालुक्यातली दोन खोल्यांची मराठी शाळा आणि पणजीतली गजबजलेली शाळा एकाच सरासरीत!

राष्ट्रीय शिक्षण धोरणात तिसरी, पाचवी व आठवीला परीक्षा सुचवल्या आहेत. पण त्यांचा निकाल शाळा सुधारण्यापुरताच वापरावा, असेही तिथेच लिहिले आहे. उलट डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने नियम बदलून आपल्या शाळांत पाचवी-आठवीत, फेरपरीक्षेनंतरही न जमल्यास, त्याच वर्गात ठेवायचे ठरवले; राज्यांना ही मुभा २०१९ च्या कायदाबदलापासूनच आहे. मग जाब कोणी द्यायचा, दहा वर्षांच्या पोराने? (शिकवणीवाले मात्र खूश.)

कुठली परीक्षा कशासाठी आणि निकाल कमी लागला तर शाळेला शिक्षक मिळणार की नुसती नोटीस, एवढे शिक्षण खात्याने मराठी-कोकणीत एका पानावर छापून पालकसभेत वाटावे.

– एक पालक, डिचोली